वाड्यात मुक्कामाला जाताना: मराठवाड्यातल्या जुन्या गावांसाठी

वेरूळ आणि अजिंठ्याजवळचं फर्दापूर सोडलं, तर मराठवाड्यातल्या जुन्या गावांत हॉटेलं नावालाच असतात. तेर, होट्टल, धारासूर, अन्वा अशा गावांत राहायचं तर एखाद्या घरातच राहावं लागतं. ती सोय चार तऱ्हांनी होते. एक म्हणजे पर्यटन खात्याकडे नोंदवलेलं निवास-न्याहारीचं घर. दुसरं, गावाजवळच्या शेतातलं कृषी पर्यटन केंद्र. तिसरा देवस्थानाचा भक्तनिवास. चौथी तऱ्हा ओळखीतून मिळालेल्या वाड्यातल्या खोलीची. पहिल्या दोघांत पावती मिळते आणि तक्रार करायला जागा असते. भक्तनिवास स्वस्त, पण रात्री फाटक बंद होतं आणि जेवण बाहेर शोधावं लागतं. वाड्यात राहण्याची मजा सगळ्यांत जास्त आणि गैरसमजही तिथेच जास्त होतात, म्हणून इथे मुख्यतः वाड्याविषयीच लिहिलं आहे.

घराचं वेळापत्रक पाणी, वीज आणि चूल ठरवतात, पाहुणा नाही. हे तीन विषय निघण्यापूर्वी फोनवर नीट बोलून घेतले की मुक्कामातला निम्मा त्रास टळतो.

फोनवर काय विचारायचं

व्हॉट्सअॅपवर फोटो मागून काम भागत नाही. फोटोत ओसरी आणि झोपाळा दिसतो, संडास दिसत नाही. त्यामुळे सरळ फोन करावा आणि तोही दुपारी तीन-चारच्या सुमारास. सकाळी घरातल्या बायका स्वयंपाकात असतात, संध्याकाळी धारा काढायची वेळ असते.

पहिला प्रश्न न्हाणी आणि संडासाचा. खोलीला लागून आहे की परसात? परसात असेल तर रात्री चौकातून जाता येतं, की मागचं दार उघडावं लागतं? कमोड आहे की भारतीय पद्धतीचा? बरोबर गुडघे दुखणारं कोणी असेल तर याच एका उत्तरावर घर ठरतं. जुन्या वाड्यात नंतर बांधलेला कमोड पुष्कळदा जिन्याखाली कोंबलेला असतो. तिथे डोकं आपटतं, म्हणून उंचीही विचारावी.

दुसरा प्रश्न पाण्याचा. ‘पाणी आहे का’ असं विचारलं तर उत्तर ‘भरपूर आहे’ असंच येणार. ‘नळाला किती दिवसांनी येतं, आणि मध्ये काय वापरता?’ असं विचारावं. मार्चनंतर कित्येक गावांत नळ आठवड्यातून एकदा येतो आणि बाकीचे दिवस बोअर किंवा टँकरवर निघतात. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यात साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात. त्या पाण्यावर जास्त साबण घासून काही उपयोग नसतो. शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घेतले की काम होतं. पिण्यासाठी २० लिटरचा जार मागवून ठेवतात का तेही विचारा. नसेल तर गावात नाणं टाकून जार भरायचं यंत्र असतं, पण रिकामा जार आपला लागतो.

तिसरा विजेचा. घर गावठाण फीडरवर आहे की शेतीच्या फीडरवर, म्हणजे वीज गावाच्या वाहिनीवरून येते की शेतीपंपांच्या? गावात राहणार असाल तर फारशी चिंता नाही. शेतातल्या केंद्रावर मात्र शेतीपंपांना पाळीपाळीनं वीज मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कूलर बहुधा चालत नाही. एप्रिलमध्ये हा फरक झोपेइतका मोठा असतो.

मग पैशाचं. दर माणशी की खोलीमागे, न्याहारी धरून की सोडून, रात्रीचं जेवण वेगळं का, लहान मुलाचे किती, आणि ड्रायव्हर असेल तर तो कुठे झोपणार आणि जेवणार. हा शेवटचा प्रश्न हटकून राहतो आणि रात्री नऊ वाजता ओसरीवर अवघडलेला माणूस उभा दिसतो. ठरलेलं सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठवावं. त्यात अविश्वासाचं काही नाही. घरात फोन घेणारा मुलगा एक आणि हिशेब करणारे आजोबा दुसरे असतात, म्हणून ते लागतं.

गाडी कुठवर येते हेही विचारून ठेवा. गढीभोवतीच्या जुन्या वस्तीत बोळ बैलगाडीच्या मापाचे असतात. मोठी गाडी वेशीबाहेर किंवा मारुतीच्या पारापाशी लावून सामान हातानं न्यावं लागतं. चाकाची बॅग फरशीवर खडखडते आणि शेणाच्या सड्यावर तर चालतच नाही, म्हणून पाठीवरची पिशवी बरी.

कधी जावं

दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ चांगला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते. घरची गोधडी मिळते, पण पायमोजे आपले न्यावेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत दुपारी जाडजूड भिंतींच्या खोलीत गार वाटतं आणि पाहुणा खूश होतो. रात्री उलटं होतं. दिवसभर तापलेल्या भिंती आणि माळवद, म्हणजे मातीचं सपाट धाबं, रात्रभर उष्णता सोडत राहतात, म्हणून घरचे लोक चौकात नाहीतर माळवदावर झोपतात. तुम्हालाही बाहेर बाज टाकून देतो म्हणाले तर नाही म्हणू नका, मच्छरदाणी तेवढी मागून घ्या.

पावसाळ्यात नळदुर्गाचं आकर्षण असतं. पण तिथले नर-मादी धबधबे बोरी नदीला पाणी असेल आणि पाणी महालावरून वाहत असेल तेव्हाच दिसतात. गावातल्या कुणाला तरी त्या सकाळी विचारून मगच निघावं. शिवाय काळी माती. पाऊस पडला की ती फुगते आणि पायाला, टायरला थापटीसारखी बसते. दुचाकीच्या मडगार्डमध्ये ती भरली की चाक फिरायचं थांबतं. गाडी शेताच्या वाटेवर न नेता मुरमाच्या किंवा डांबरी रस्त्यावर ठेवावी. मऊ तळव्याचे बूट विसरा. रबरी चप्पल धुऊन होते, बूट दोन दिवस वाळत नाहीत.

तारखा ठरवताना पंचांग पाहा. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे लोकांना माहीत असतं. त्यामानाने यात्रा विसरतात. नाथषष्ठीला, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीला, पैठणमध्ये खोली मिळणार नाही. महाशिवरात्रीला वेरूळ आणि औंढा नागनाथ, हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी खुलताबादचा भद्रा मारुती, चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला तेर, यांचंही तसंच. यात्रा पाहायची असेल तर महिनाभर आधी सांगून ठेवा. शांतता हवी असेल तर आठवडा पुढे सरका.

लातूर-धाराशिवकडे जाणाऱ्यांनी एक दिवस मुद्दाम गाठावा: वेळ अमावस्या, तिकडच्या बोलीत येळवस. ही मार्गशीर्ष अमावस्या, डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीत येते. त्या दिवशी गावच्या गाव शेतात जातं. कडब्याची खोप उभी करून तिथे पूजा होते, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर, धपाटे. गावात त्या दिवशी चहाची टपरीसुद्धा उघडी नसते. ज्यांना हे माहीत नाही ते पर्यटक उपाशी फिरतात. ज्यांना माहीत आहे त्यांना तीन शेतांवर जेवावं लागतं. यजमानांना आधीच सांगा की आम्हीही शेतावर येऊ, आणि त्या दिवसाचं दुसरं काही ठरवू नका. भज्जीत डाळी, शेंगा, पालेभाज्या, बेसन असं सगळं असतं, ती पोटाला जड. आंबील ताकात आंबवलेली, सवय नसेल तर एक गडवा पुरे.

घर पाहून घेणं

वाडा देखणा असला तरी सामान ठेवण्याआधी खोलीवरून नजर फिरवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माणसं मेली ती मुख्यतः घरांखाली. जाड दगडी भिंती नुसत्या मातीत रचलेल्या होत्या आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचा भार होता. भिंती फुटल्या आणि छत खाली आलं. जिथे छताचा भार लाकडी खांब-तुळयांवर होता, त्या खणाच्या घरांत भिंत पडूनही छत तगल्याची उदाहरणं आहेत. म्हणून खोलीत खांब आहेत का ते बघा. भिंतीला पोट सुटलं असेल, म्हणजे मधे फुगवटा आला असेल, कोपऱ्यात रुंद होत गेलेली भेग असेल, किंवा तुळईचं भिंतीतलं टोक ओलं वा वाळवीनं पोकळ झालं असेल, तर दुसरी खोली मागा. मागायला संकोच नको. तुमच्या डोक्यावर काय आहे हे विचारायचा हक्क भाडं भरणाऱ्याला आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक विचारा: यंदा माळवदावर पांढरी माती टाकली का? दरवर्षी पावसाआधी ती टाकून धोपटतात. राहिली असेल तर छत गळतं, आणि ते नेमकं रात्री दोनला तुमच्या अंथरुणावर. नव्या घरमालकांनी वर पत्रा किंवा सिमेंट घातलेलं असतं. दिसायला ते तितकं बरं नाही, पण खोली कोरडी राहते.

दार लावण्याची पद्धत विचारून घ्या. जुन्या दारांना आगळ असते, भिंतीतून सरकणारा लाकडी दांडा. दाराच्या मागे एका बाजूच्या भिंतीत खोल भोक असतं, त्यात आगळ पूर्ण आत गेलेली असते. आधी दोन्ही फळ्या खांद्यानं चौकटीला दाबायच्या, मग आगळ ओढून समोरच्या उथळ खोबणीत बसवायची. फळ्या दाबल्या नाहीत तर ती मधेच अडते, आणि लोक ती ठोकायला लागतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा खालून किंचित उचलून ओढावी. दाराची चौकट बुटकी आणि उंबरा उंच असतो, तिथे खालीही बघायचं आणि वरही.

विंचवांबद्दल घाबरून जायचं कारण नाही, पण दगडी भिंतीच्या सांदीत ते असतात. अंथरूण भिंतीपासून वीतभर लांब घ्या, कपडे कोनाड्यात न टाकता खुंटीला लावा, सकाळी बूट उलटे करून झटका, रात्री परसात बॅटरीशिवाय जाऊ नका. चावलाच तर फडकं आवळून बांधणं, कापणं, झाडपाला यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन लावा किंवा थेट जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा. मूल असेल तर एक मिनिटही थांबू नका.

आंघोळ

पहाटे परसात बंब पेटतो. बंबाचा एक नियम आहे: तोटीतून जेवढं कढत पाणी काढलं तेवढं गार पाणी वरून ओतायचं. बंब रिकामा होऊन खाली जाळ राहिला की सांध्याचा डाख सुटतो आणि घरातली पितळी वस्तू तुमच्यामुळे कल्हईवाल्याकडे जाते. काढलेल्या पाण्यात विसण घालून एका बंबात तीन-चार बादल्या सहज होतात. माणशी एक बादली धरा. उन्हाळ्यात तर दुसरी मागूही नका.

आता बऱ्याच घरांत गॅस गिझर आले आहेत. तो न्हाणीच्या आतच बसवलेला असेल आणि खिडकी नसेल, तर बादली भरून गिझर बंद करा, दार पाच मिनिटं उघडं ठेवा आणि मग आत जा. बंद न्हाणीत जळणाऱ्या गॅसमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, माणूस घेरी येऊन पडतो तेव्हाच कळतं. पेटता बंब आत ओढून आंघोळ करणं हाही तोच प्रकार.

जेवण

भाकरी थापून लगेच तव्यावर जाते, करून ठेवायची वस्तू नाही ती. म्हणून संध्याकाळी पाचपर्यंत सांगा की किती जण जेवणार आणि किती वाजता. माणशी दोन भाकरी धरतात. साडेसातला या म्हटलं तर साडेसातला या. चुलीपुढे बसलेल्या बाईला अर्धा तास जाळ धरून ठेवायला लावणं वाईट. ‘काहीही चालेल’ हे उत्तर घरच्यांना आवडत नाही, कारण मग पनीर आणायला कोणीतरी तालुक्याला जातं. पिठलं, शेंगदाण्याची चटणी, येसराची (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसाल्याच्या पिठाची) आमटी, हिरवा ठेचा, वांग्याची भाजी यांतलं नाव घेऊन मागा. तिखट कमी हवं असेल तर ते आधी सांगायचं. येसर आणि काळा मसाला आमटीत पडल्यावर काही करता येत नाही. करडईच्या तेलाची सवय नसेल तर पहिल्या रात्री बेतानं जेवा.

मटण हवं असेल तर आदल्या दिवशी विचारा. वारकऱ्यांच्या घरात ते होणारच नाही. काही घरांत होतं, पण परसातल्या वेगळ्या चुलीवर आणि वेगळ्या भांड्यांत, एकादशी किंवा श्रावण नसेल तर. दारूचं विचारून बघू नका, बरोबरही नेऊ नका.

न्याहारीला पोहे किंवा उप्पीट मिळतं, पण चुरमुऱ्याचा सुशीला मागा. तो मराठवाड्याचा खास पदार्थ आणि दहा मिनिटांत होतो. न्याहारी साडेआठच्या आधी होत नाही, आणि लेणी पाहायची वेळ त्याआधीची. त्यावर उपाय धपाटे. रात्रीच सांगून ठेवा, पहाटे बांधून मिळतात. कांदा घातलेले दुपारपर्यंत संपवा, नुसत्या तीळ-तिखटाचे दुसऱ्या दिवशीही चालतात. दही वेगळ्या डब्यात.

हुरडा डिसेंबर-जानेवारीचा. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजून हातावर चोळून देतात, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ घेऊन खायचा. हुरड्याच्या दिवशी दुपारचं जेवण सांगू नका, वाया जातं.

माणसांशी

घरातल्या मोठ्यांना काका-काकू, मावशी, आजी-आजोबा म्हणा. नावानं हाक मारायची नाही, आणि ‘मॅनेजर कुठे आहे’ असं तर नाहीच. चपला ढेलजेत, म्हणजे मोठ्या दारालगतच्या पडवीत काढा. देवघरात आणि स्वयंपाकघरात बोलावल्याशिवाय जाऊ नका. धान्याचं बळद, लोणच्याच्या बरण्या, जातं यांचे फोटो विचारून काढा, बायकांचे तर नक्कीच विचारून. ओळखपत्र सगळ्यांचं लागतं. परदेशी पाहुणा बरोबर असेल तर यजमानांना २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. नवख्या यजमानांना ते ठाऊक नसतं, म्हणून पासपोर्ट-व्हिसाचे फोटो आधीच पाठवा. लग्न न झालेल्या जोडप्यांनी फोनवरच स्पष्ट विचारावं. कायद्याची आडकाठी नाही, पण घर त्यांचं आहे आणि दारात उभं राहून वाद घालण्यात दोघांचीही शोभा नाही.

दिवस कसा लावावा

किमान दोन रात्री राहा. एका रात्रीत फक्त प्रवास होतो. वेरूळ-खुलताबादचा मुक्काम असेल तर पहिल्या दिवशी चारपर्यंत पोचून भद्रा मारुती आणि मलिक अंबरची कबर पाहावी. दुसऱ्या दिवशी लेणी उघडताच आत शिरून आधी १६ क्रमांकाचं कैलास, गर्दी येण्यापूर्वी. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. त्यामुळे १ ते १२ ही बौद्ध लेणी सकाळी अंधारी असतात. दुपारी तीननंतर या, १० व्या लेण्यात ऊन थेट आत येतं आणि बुद्धमूर्ती उजळते. ३० ते ३४ ही जैन लेणी उत्तरेला लांब आहेत, उन्हात चालत जाऊ नका. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगानं जावं लागतं, म्हणून काढायला सोपा सदरा घाला. तिसऱ्या सकाळी देवगिरीचा किल्ला. तिथल्या अंधाऱ्या भुयारात वटवाघळं असतात, मोबाईलच्या उजेडावर भागत नाही, बॅटरी न्या. माणशी दोन लिटर पाणी वर घेऊन जा.

तेर अगदी वेगळं. तिथे पाहायचं ते विटांचं त्रिविक्रम मंदिर, गोरोबाकाकांची समाधी, आणि वस्तुसंग्रहालयातल्या सातवाहनकालीन मृण्मयमूर्ती. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी नोंदींत हे गाव ‘तगर’ म्हणून येतं, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. पावसानंतर टेकाडांवर खापराचे तुकडे आणि मणी उघडे पडतात. ते उचलू नका आणि मुलांनी विकायला आणले तर घेऊ नका. पुरावशेषांचा १९७२ चा कायदा आहे, आणि शिवाय जागेवरून हललेलं खापर अभ्यासकाच्याही कामाचं राहत नाही.

निघायच्या आदल्या रात्रीच हिशेब करा. यूपीआय असलं तरी रेंज जाते, तेवढी रोख जवळ ठेवा. घरातल्या मुलाच्या हातात पैसे कोंबण्यापेक्षा स्वयंपाक करणाऱ्या मावशींना घरमालकांसमोर उघडपणे द्या. एसटीनं जाणार असाल तर मुक्कामी गाडी पाहा: रात्री गावात येऊन थांबते आणि पहाटे पहिली निघते. ती चुकली तर काळी-पिवळी जीप भरेपर्यंत पारावर बसावं लागतं, बाजाराच्या दिवशी लवकर भरते, एरवी दहा वाजतात. मुक्कामी गाडीची वेळ फलकावर बघू नका. कंडक्टर रात्री गावातच झोपतो, त्यालाच विचारा.